छंद आणि धंदा

पालक शाळेंत भेटीस येतात तेव्हां त्यांच्या तक्रारींत एक तक्रार हटकून असते. मुलाचें सर्व लक्ष चित्रांत आहे, किंवा घरांतील मोडक्या यंत्रांत आहे, याचें पुढें होणार तरी काय, असें ते विचारतात. उलट मुलांशीं बोलावें तर पुष्कळांस असें वाटत असतें कीं, आवडीचें काम एकदां हातीं आलें म्हणजे पैसा आपोआप मागोमाग येईल. पालकांची भीति व मुलांची आशा हीं दोन्ही आम्हांस अर्धवटच खरीं वाटतात. यास्तव छंदाचा धंदा केव्हां होतो, कसा होतो, आणि केव्हां तो होऊं न देणेंच शहाणपणाचें असतें, याचा येथें थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम दोहोंतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. तो केवळ पैशाचा नव्हे. छंदांत आपण स्वतःचें समाधान पाहतों. धंद्यांत दुसऱ्याची गरज पाहावी लागते. छंद मन लागेल तेव्हां करावा व कंटाळा आला कीं सोडावा. धंद्यांत कबूल केलेल्या दिवशीं माल द्यावा लागतो, मग मन लागो वा न लागो. छंदांत बिघडलेली वस्तु हंसून बाजूस ठेवितां येते. धंद्यांत तिची किंमत कोणास तरी भरावी लागते, आणि तो कोणी म्हणजे बहुधा आपणच. इतका भेद असूनही कित्येकांनीं हा ओढा ओलांडला आहे. त्यांपैकीं दोघांचीं चरित्रें महाराष्ट्रांतील मुलांनीं अवश्य जाणावीं अशीं आहेत.

१८८५ सालीं मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत दोन तरुण दाखल झाले. एक बेळगांवकडील लक्ष्मणराव किर्लोस्कर व दुसरे त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके. दोघांसही चित्रकलेचें वेड होतें, आणि दोघांपैकीं कोणाचाही अखेरचा धंदा चित्रें रंगविण्याचा झाला नाहीं.

लक्ष्मणरावांच्या मार्गांत आरंभींच एक धोंड आली. त्यांच्या डोळ्यांस रंगांतील कांहीं भेद नीट कळत नसे. चित्रकार होऊं पाहणाऱ्यास याहून मोठें दुःख तें कोणतें? पण त्यांनीं आपल्या आवडीची वरवर नव्हे, तर खोल तपासणी केली. रंग हातांतून गेले तरी रेघ शाबूत होती. आणि रेघेइतकीच आवड यंत्रांचीही होती. तेव्हां त्यांनीं यंत्रांचीं रेखाचित्रें काढण्याची विद्या धरिली, आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ते ती शिकवूं लागले. त्याच सुमारास, १८८८ सालीं, बेळगांवास त्यांच्या घरचें सायकलींचें दुकान निघालें. लक्ष्मणराव मुंबईस सायकली खरेदी करून धाडीत. त्यांचे बंधु रामूअण्णा त्या बेळगांवीं विकीत व घेणारांस चालविण्यासही शिकवीत. येथें मुलांनीं एक गोष्ट हेरावी. पगाराची नोकरी पाठीशीं ठेवून धंद्याची परीक्षा प्रथम लहान प्रमाणावर पाहिली गेली. आवड आहे म्हणून एकदम उडी घेतली गेली नाहीं.

पुढें नोकरी सोडून ते बेळगांवास आले, आणि कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर करूं लागले. नांगर चांगला होता. परंतु लोखंडानें जमिनीस विष बाधतें असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षें लागलीं! हीं दोन वर्षें ज्यानें काढलीं त्यास केवळ नफ्याच्या आशेनें धीर दिला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. नफाच पाहणारा मनुष्य सहा महिन्यांत दुसरा माल शोधितो. यंत्रावर प्रेम करणाराच दोन वर्षें नांगरापाशीं बसून राहतो. छंदाचा धंद्यास खरा उपयोग होतो तो हाच. आवड गिऱ्हाईक आणून देत नाहीं. पण गिऱ्हाईक येईपर्यंत टिकण्याचें बळ देते. मागाहून बेळगांवांतील जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हां औंधच्या अधिपतींनीं जमीन व कर्ज देऊन आश्रय दिला, आणि १९१० सालीं निवडुंगानें भरलेल्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली.

आतां फाळके यांची गोष्ट. चित्रकला, छायाचित्रण, छापखाना, जादूचे खेळ असे त्यांचे नाना छंद होते, व प्रत्येकांत त्यांनीं थोडाफार व्यवसाय केला. १९१०-११ च्या सुमारास मुंबईंत त्यांनीं प्रभु येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक मूकपट पाहिला. तो पाहतां पाहतां राम-कृष्णांचीं चरित्रें पडद्यावर हालतांना त्यांच्या मनश्चक्षूंस दिसूं लागलीं. एका धर्मकथेनें दुसऱ्या परंपरेंतील कलावंतास जागें करावें, हें आमच्यासारख्या शाळेंतील मुलांनीं विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. पुढें त्यांस दुसरें कांहीं सुचेना. अति श्रमानें कांहीं काळ दृष्टिही अधू झाली. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ सालीं ते विलायतेस गेले, तेथें ही विद्या समक्ष पाहिली, व कॅमेरा विकत घेऊन परतले.

यानंतर त्यांनीं जें केलें तें अत्यंत शहाणपणाचें होतें. भांडवल मिळविण्यासाठीं नुसतीं भाषणें न करितां त्यांनीं एक नमुना तयार केला. कुंडींतील वाटाण्याच्या रोपाची थोड्या थोड्या अंतरानें चित्रें घेऊन त्यांनीं तीं सलग दाखविलीं. बीं फुटून वेल वाढतांना पाहणारांस क्षणांत दिसलें. हा नमुना पाहून पैसे देणारा पुढें आला. पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिनेही गहाण पडले. फिल्मेच्या कडेस भोकें पाडण्याचें किचकट काम त्या अंधारांत बसून करीत, आणि काम करणाऱ्या सर्व मंडळींचा स्वयंपाकही पाहत. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला व त्यास मोठें यश मिळालें.

पण कथा येथें संपत नाहीं. १९१४ चें महायुद्ध सुरू झालें व पैशाचा ओघ आटला. १९१७ च्या ‘लंकादहन’नें पुन्हा यश दिलें. १९१८ सालीं भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. परंतु खर्चावरून व कामाच्या रीतीवरून मतभेद वाढले, आणि १९१९ त फाळके कंपनी सोडून गेले. कांहीं वर्षांनीं ते परतले, पण पूर्वीचा जम बसला नाहीं. १९३१ पासून बोलपट आले व काळ बदलला. १९३७ चें ‘गंगावतरण’ हें त्यांचें शेवटचें चित्र. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें ते वारले, तेव्हां हातीं धन असें फारसें उरलें नव्हतें. चित्रपटांचा सर्वोच्च राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून त्यांच्या नांवें दिला जात आहे; पण त्या सन्मानानें घरचा वाणी भागला नाहीं, हेंही तितकेंच खरें.

मग फाळके चुकले काय? आम्ही तसें म्हणणार नाहीं. त्यांनीं आवडीचें सोनें केलें. पण सोन्याचा हिशेब ठेवणें ही निराळी विद्या आहे. ती आपणांस नसेल तर ज्यास आहे असा विश्वासू मनुष्य शोधावा, आणि काम कोणाचें, खर्च किती, शेवटचा शब्द कोणाचा, हें प्रेम आहे तोंवरच कागदावर लिहून घ्यावें. भांडण झाल्यावर असा कागद कोणीच लिहीत नाहीं.

हिशेब म्हणजे काय तें एका लहान उदाहरणानें दाखवितों. समजा, एका मुलीनें नाताळासाठीं हातानें रंगविलेलीं वीस भेटकार्डें केलीं. कागद, रंग व पाकिटें मिळून १६० रुपये लागले. दोन कार्डें डाग पडून वायां गेलीं. उरलेलीं अठरा प्रत्येकीं १५ रुपयांस विकलीं; आले २७०. मुलगी घरीं सांगते, ‘मला २७० रुपये मिळाले.’ तें खरें नव्हे. खर्च वजा जातां ११० रुपये उरले. शिवाय प्रत्येक कार्डास अर्धा तास लागला, म्हणजे वीस कार्डांस दहा तास. तेव्हां तासास मजुरी पडली ११ रुपये. आतां तिच्यापुढें तीन वाटा आहेत. काम इतकें सुरेख करावें कीं लोक आनंदानें अधिक किंमत देतील. किंवा लिनोलियमवर एकदां ठसा कोरून त्यावरून अनेक कार्डें छापावीं, म्हणजे वेळ वांचेल. किंवा विक्री सोडून कार्डें मित्रांस प्रेमानें द्यावीं. तिन्ही वाटा सन्मानाच्या आहेत. हिशेब न करितां आपण धंदा करीत आहों असें मानणें, ही मात्र वाट नव्हे, तो खड्डा आहे.

तिसऱ्या वाटेविषयीं थोडें अधिक बोललें पाहिजे. प्रेषित पौल तंबू करण्याचा धंदा करीत असे, हें शास्त्रपाठाच्या तासाला आपण वाचलें आहे. ज्या कार्यावर त्याचें सर्वस्व जडलें होतें तें निराळें. तें कोणाच्या मिंधेपणाखालीं येऊं नये म्हणून त्याचे हात तंबू शिवीत. कित्येक छंद असे असतात कीं त्यांवर पोटाचा भार घातला तर ते वांकतात. ज्यास दिवसभर शिकवून सायंकाळीं पेटी वाजविण्यांत आनंद वाटतो, त्यानें लग्नसमारंभांत रात्रंदिवस वाजवूं लागल्यास तो आनंद राहील कीं नाहीं, हें त्यानें आधीं मनास विचारावें. पोटासाठीं एक काम व जिवासाठीं दुसरें, अशी वांटणी करणारा मनुष्य हरलेला नसतो.

पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलाचा छंद हा अभ्यासाचा शत्रु मानून एकदम मोडूं नये. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील दृष्टांतांत धन्याचा राग होतो तो ठेव गमावणारावर नव्हे. ती भीतीनें जमिनींत पुरून ठेवणारावर होतो. मुलास एक वही द्यावी व सांगावें कीं, या छंदाचा खर्च, वेळ व फसलेले प्रयोग यांत लिही. वही वर्षभर चालली तर आवड खरी समजावी; महिन्यांत बंद पडली तर काळजीचें कारणच उरलें नाहीं.

विद्यार्थ्यांस सांगणें एवढेंच कीं, आपली आवड पारखून घ्या, आणि पारखतांना जें खरें दिसेल त्यास भिऊं नका. लक्ष्मणरावांस रंग दिसले नाहींत. त्यांनीं रेघ धरिली, आणि त्या रेघेचा पुढें नांगर झाला. तुमच्या हातांतून एखादें आवडतें काम निसटलें तर त्याच्या शेजारींच काय उरलें आहे तें शांतपणें पाहा. बहुधा तेथेंच तुमची भाकरी असेल.