उष्ण लहर आणि अंधुक फळा

सुरतेच्या वैशाखात शिकवीत असता फळ्यावरील अक्षरे एकाएकी पुसट झाली. दृष्टी गेली, असेच मी समजले. मला मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे, त्यात ऋतुनिवृत्तीच्या उष्ण लहरी. मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरण झिजले की शरीराचे तापमान अर्धा अंश वाढले तरी संदेशवहन अडखळू शकते. जर्मन नेत्रवैद्य उथॉफ यांनी १८९० मध्ये श्रमानंतर येणारी अशी तात्पुरती अंधुकता नोंदविली. अंग निवले की दृष्टी परतते. ती नवी इजा नव्हे. लक्षणे चोवीस तासांहून अधिक टिकली, तर मात्र डॉक्टर गाठावा. संप्रेरकांचे उपचारही त्यांनाच विचारून.

तापीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता पंखा पुरत नाही. बर्फाच्या पाण्यात भिजविलेला पंचा मी मानेवर ठेवते. आरंभी संकोच वाटे. आता वर्गातील मुलीच तो भिजवून आणतात.