घरच्या फोनसाठी हेडसेट
छत्रपती संभाजीनगरच्या ०२४० कोडवरच्या घरच्या फोनला हेडसेट घेताना सर्वांत आधी पिन पाहावी. भिंतीतून फोनपर्यंत येणाऱ्या वायरची पिन आरजे-११. रिसीव्हरच्या गुंडाळीदार वायरची तिच्याहून अरुंद, आरजे-९. हेडसेट बसतो तो या दुसऱ्या खाचेत. मात्र पिन बसली म्हणजे आवाज येईलच असे नाही. आतल्या चार तारांपैकी दोन कानाच्या, दोन माइकच्या आणि त्यांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. म्हणून फोन सोबत नेऊन दुकानातच जोडून पाहणे उत्तम. हेडसेटची सोय असलेल्या कॉर्डलेस फोनला बहुधा २.५ मिमीची पिन लागते, मोबाइलची ३.५ मिमीची त्यात शिरत नाही.

वायर काढलेला रिसीव्हर फोनवरच राहू द्यावा. घंटी वाजली की तो उचलून बाजूला ठेवायचा, बोलणे संपले की परत जागेवर. घरी एका कानाचा हेडसेट खरोखर सोयीचा; दारावरची बेल, कुकरची शिट्टी ऐकू येते. माइक ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटांवर असावा. नाकासमोर आला की श्वासाचा फुसफुसाट पलीकडे जातो.

तांब्याच्या लाइनवरचा साधा फोन एक्सचेंजमधून येणाऱ्या विजेवर चालतो, म्हणून घरची वीज गेली तरी वायरचा हेडसेट बंद पडत नाही. फायबरवर मॉडेमच बंद होतो. तिथे इन्व्हर्टर हवा.