तोटा कुणाचा, सोय कुणाची?

‘नगरपालिकेचं आहे ना, मग तोट्यातच चालणार!’ हे वाक्य आपण भाजी निवडता निवडता सहज म्हणून जातो. पण पालिकेने चालवलेला धंदा तोट्यात का जातो, हे कधी विचारतो का?

मोठं उदाहरण मुंबईच्या ‘बेस्ट’चं. ७ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबई महापालिकेने वीज, ट्राम आणि बस चालवणारी खासगी कंपनी ताब्यात घेतली. विजेच्या धंद्यात चार पैसे उरत, त्यातून बसची तूट भरून निघे. आपण नाही का, एका खर्चातले वाचवून दुसरीकडे घालत? पण २००३ चा वीज कायदा आला. वीजदर नियामक आयोग ठरवू लागला आणि पुढे वीजग्राहकांकडून बसचा तोटा भरून घ्यायची वाट बंद झाली.

दुसरी अडचण दराची. डिझेल महागलं, पगार वाढले, तरी तिकीट आपल्या मनाने वाढवता येत नाही. महापालिकेची मंजुरी हवी, परिवहन प्राधिकरणाचीही हवी. २०१९ मध्ये साध्या बसचं किमान भाडं ८ रुपयांवरून ५ रुपये झालं. ते १० रुपये झालं थेट मे २०२५ मध्ये. मधली सहा वर्षं खर्च काही थांबला नव्हता. महापालिकेने वेळोवेळी मदत दिली, तरी उपक्रमाच्या स्वतःच्या गाड्या घटत गेल्या आणि भाड्याच्या वाढल्या. चार घरची कामं करणाऱ्या बाईला तिकीट परवडलंच पाहिजे, यात वाद नाही. पण ती स्वस्ताई कुणाच्या खिशातून, हे आधी ठरवायला नको का? नाहीतर सोय सगळ्यांची आणि तोट्याचा बोल एकट्या उपक्रमाला!

मुंबई राहिली दूर. आमच्या गावात पालिकेची बस नाही, पण व्यापारी गाळे आहेत. तोही धंदाच. बचत गटाच्या बायकांना पापड-लोणच्यांसाठी गाळा हवा होता, म्हणून मी चौकशीला गेले. कळलं ते असं: भाडं कित्येक वर्षांपूर्वीचं. मूळ भाडेकरू दुकानात बसतच नाही, पोटभाडेकरूकडून कितीतरी पट जास्त घेतो. वरचे पैसे पालिकेच्या तिजोरीत येतच नाहीत. भाडेवाढीचा विषय निघाला की निवडणूक आडवी येते, आणि साहेबांना सगळं समजेपर्यंत त्यांची बदली होते. गाळा आमच्या बायकांना अजून मिळालेला नाही. रस्त्याकडेला ऊन-पावसात बसतात बिचाऱ्या.

म्हणजे पालिकेला धंदा जमत नाही असं नाही. दर दुसऱ्याच्या हातात, वसुलीला धाक नाही, आणि सेवा व नफा दोन्ही एकाच ताटात मागितलेले! सवलत द्यायची तर जरूर द्यावी, पण तिची रक्कम अर्थसंकल्पात वेगळी दाखवावी. मग खरा तोटा किती आणि गळती किती, ते उघड होईल.

मैत्रिणींनो, महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा २०११ पासून आपल्यासाठी राखीव आहेत. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. घरचा हिशेब पै-पैचा ठेवणाऱ्या आपण, आपल्या नगरसेविकेला एवढंच विचारू या: पालिकेचे गाळे किती, कुणाकडे, आणि भाडं काय?