रक्तातील साखर आणि डोळ्याचा पडदा

आम्ही डॉक्टर नव्हे. हमालांची संघटना बांधण्यात आमची वर्षे गेली. जे शिकलो ते वाचून आणि विचारून. तरीही हा विषय आम्ही घेतला, त्यास कारण आहे. लातूरच्या आडत बाजारातला आमचा एक सोबती पोत्यावरची खूण लांबून ओळखत असे. मधुमेह होता, पण डोळा दुखत नव्हता. म्हणून तो तपासलाच नाही. एका सकाळी डोळ्यापुढे काळे जाळे आले, आणि पुढे त्या डोळ्याची दृष्टी गेली.

हे घडते कसे? डोळ्याच्या आत मागच्या बाजूस दृष्टिपटल असते. त्यावर प्रतिमा उमटते. त्याला रक्त पोचविणाऱ्या वाहिन्या केसाहूनही बारीक. रक्तात साखर वर्षानुवर्षे जादा राहिली, की त्यांच्या भिंतींना आधार देणाऱ्या पेशी मरतात. भिंती फुगतात, पाझरतात. काही वाहिन्या बुजून जातात. 2016 साली तहानलेल्या लातूरने मिरजेहून रेल्वेने पाणी मागविले. प्राणवायूला आचवलेले पटलही तसेच रासायनिक द्रव्य सोडून नव्या वाहिन्या मागविते. त्या येतात, पण कच्च्या. फुटल्या की डोळ्यात रक्त उतरते.

उपाशीपोटीची तपासणी त्या वेळेची साखर सांगते. तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात आणि साखर त्यांतील हिमोग्लोबिनला चिकटते. म्हणून 'एचबीएवनसी' ही तपासणी मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब देते. 1993 साली अमेरिकेतील मोठ्या प्रयोगाने दाखविले, की इन्सुलिनवर जगणाऱ्या रुग्णांनी साखर काटेकोर आवरली, तर हा नेत्रविकार जडण्याचा धोका 76 टक्क्यांनी घटतो. रक्तदाबही आवरावा लागतो.

नांदेडच्या गिरणीत राबलेले आमचे वडीलधारे म्हणतात, "दिसतंय की, मग दवाखाना कशाला?" हीच फसगत! दिसत असतानाच पडदा खराब होत असतो. लेसर व इंजेक्शने पुढची हानी बहुधा रोखतात. गेलेली दृष्टी परत आणतीलच असे नाही. म्हणून मधुमेह कळताच, आणि पुढे दरवर्षी, बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. नुसता चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. नांदेड व लातूर, दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत.

हमालीच्या दरासाठी आम्ही पुष्कळ भांडलो. मागणीपत्रात डोळ्यांचे कलम मात्र कधी घातले नाही. ती चूक आमची. पुढच्या मागणीपत्रात ते पहिले असेल.