तांबडी, फेसाळ आणि परवडणारी

नोकरीनिमित्त युरोपांत राहणाऱ्या आपल्याकडील तरुण कुटुंबांवर स्नेह्यासोबत्यांस जेवावयास बोलावण्याचा प्रसंग वरचेवर येतो. पानांत काय वाढावें याची गृहिणीस चिंता नसते. परंतु तिकडील रिवाजाप्रमाणें मेजावर वाइन ठेवावयाची म्हटली म्हणजे घोटाळा होतो. जिच्याशीं घराची पूर्वीची ओळख नाहीं अशी वस्तु निवडतांना मनुष्य बहुधा किंमतीकडेच पाहतो. भीड पडली तर महागांतली बाटली घेऊन महिन्याच्या खर्चाची ओढाताण करून घेतो. काटकसर आठवली तर सर्वांत स्वस्त ती उचलतो, आणि पाहुण्यांनीं पहिल्या घोटानंतर पेला हळूच बाजूस सारला म्हणजे खजील होतो. या दोन्ही संकटांतून सोडविणारी, चवदार व बेताच्या किंमतीची फेसाळ तांबडी वाइन म्हणजे इटलींतील लांब्रुस्को. मात्र ती पारखून घेतली पाहिजे.

लांब्रुस्को हें एका द्राक्षाचें नांव नसून एका मोठ्या कुळाचें नांव आहे. उत्तर इटलीच्या एमिलिया भागांत, मोदेना व रेज्जो एमिलिया या शहरांच्या आसपास, या कुळाच्या वेली फार जुन्या काळापासून लावल्या जातात. त्यांतील तीन शाखा ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. सोर्बारा ही रंगानें फिकट, चवीस आंबूस व तरतरीत. ग्रास्पारोस्सा ही गडद, भरदार व किंचित् तुरट. आणि सालामिनो ही साधारणतः या दोहोंच्या मधली.

ही वाइन स्वस्त कां, असा संशय सुज्ञ वाचकांस येणारच. चांगली फेसाळ वाइन बहुधा दोनदां आंबवितात. दुसऱ्या खेपेस निघणारा वायु बाहेर जाऊं दिला नाहीं म्हणजे तो आंतच मुरतो व पेल्यांत फेस होऊन वर येतो. फ्रान्सच्या शँपेन प्रांतांत ही क्रिया प्रत्येक बाटलींत वेगवेगळी घडते, आणि निदान १५ महिने मुरल्यावांचून ती बाटली विकतां येत नाहीं. जागा, मजुरी व काळ यांचा सारा आकार मग किंमतीवर चढतो. लांब्रुस्को बहुतेक मोठ्या बंद टाक्यांतून फेसाळ करतात. आस्ती येथील फेदेरिको मार्तिनोत्ती यानें १८९५ सालीं या पद्धतीचें पेटंट घेतलें, व १९०७ सालीं फ्रान्समधील उझेन शार्मा यानें तींत सुधारणा केली. हजारों बाटल्यांचें काम एका टाकींत व थोडक्या काळांत उरकतें, शिवाय द्राक्षाचा ताजा वासहि टिकतो. तेव्हां या स्वस्ताईचें मूळ कृतींत आहे. भेसळीचा संशय घेण्याचें कारण नाहीं.

असें असूनहि मध्यंतरीं लांब्रुस्कोच्या नांवास बराच कमीपणा आला. १९७० नंतरच्या दोन दशकांत अमेरिकेंत तिचा गोड प्रकार अतोनात खपला, आणि लांब्रुस्को म्हणजे फेसाळ सरबत अशी पुष्कळांची समजूत होऊन बसली. मोदेनाकडील घरांतून मात्र जेवणाबरोबर कोरडी लांब्रुस्को आवडीनें घेतात.

म्हणून दुकानांत किंमतीच्या आधीं लेबल वाचावें. ‘सेक्को’ म्हणजे कोरडी, ‘आमाबिले’ म्हणजे गोडसर, ‘दोल्चे’ म्हणजे गोड. ‘फ्रिद्झान्ते’ म्हणजे हलक्या फेसाची, तिचा दाब १ ते २.५ बार, ‘स्पुमान्ते’ म्हणजे भरपूर फेसाची, तिचा दाब निदान ३ बार. येथें एक मेख आहे. स्पुमान्तेवर ‘सेक्को’ लिहिलें असलें तर तींत लिटरमागें १७ ते ३२ ग्रॅम साखर असते. खरोखर कोरडी हवी असल्यास ‘ब्रूत’ हा शब्द शोधावा, कारण तींत साखर १२ ग्रॅमहून कमी असते. ‘डी. ओ. सी.’ हीं अक्षरें व सोर्बारासारखें शाखेचें नांव असल्यास अधिक बरें. ही वाइन ताजीच प्यावयाची असते. जुनी बाटली सवलतींत मिळाली म्हणून हुरळून जाऊं नये.

तिचा आंबूसपणा व फेस तुपातेलाचा जडपणा जिभेवरून धुऊन काढतात. मोदेनाकडील मंडळी ती पार्मिज्यानो चीज व चरबट मांसाबरोबर घेतात. आपल्या कांदाभज्यांशीं किंवा बटाटेवड्यांशींहि कोरडी सोर्बारा छान जमते. रस्सा तिखट असल्यास आमाबिले बरी, कारण तुरट वाइननें तिखट अधिकच झोंबतें. पिएमोंतेची ब्राकेत्तो द’आक्वी हीहि तांबडी व फेसाळ. पण ती गोड व सौम्य असल्यामुळें शेवटच्या गोड पदार्थाबरोबर शोभते. ऑस्ट्रेलियाची फेसाळ शिराझ भारदस्त खरी, परंतु बहुधा महाग पडते.

आतां हिशेब. ७५० मिलिलिटरच्या बाटलींत १२५ मिलिलिटरचे सहा पेले होतात. बारा माणसांस दोन-दोन पेले धरल्यास चार बाटल्या लागतात. जवळ एक जास्त असावी. जेवणापूर्वीं दोन-तीन तास बाटल्या फ्रिजमध्यें ठेवाव्या, कारण कोमट लांब्रुस्कोचा फेस लवकर जातो व चव मंदावते. बाटली हलवूं नये आणि बूच सावकाश काढावें. पाहुणे येण्याच्या आठवडाभर आधीं एक बाटली आणून घरच्या माणसांनीं चाखून पाहिली, तर चारांच्या खरेदींत फसगत होत नाहीं.

जे पीत नाहींत त्यांच्यासाठीं कोकमाचें सरबत तशाच पेल्यांतून त्याच वेळीं फिरवावें, व कारण विचारूं नये. जो गाडी हांकून घरीं जाणार त्यास सरबताचाच पेला द्यावा.