हरायचाही प्लॅन असतो, बॉस!

८२ मॅचेस, त्यातल्या ७२ हरल्या! एनबीएच्या २०१५-१६ सीझनमधलं फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सचं हे प्रगतिपुस्तक. पण गंमत म्हणजे, हे ठरवून चाललं होतं. तेव्हा तळाच्या टीमला नवे खेळाडू निवडताना पहिल्या नंबरची सर्वाधिक संधी असायची, म्हणून जनरल मॅनेजर सॅम हिंकीने २०१३पासून चांगले प्लेअर्स देऊन उद्याची बेगमी केली. फॅन्स म्हणायचे, ‘ट्रस्ट द प्रोसेस!’

एप्रिल २०१६मध्ये हिंकीनेच राजीनामा दिला. त्याने निवडलेला, दुखापतीमुळे दोन सीझन बसून राहिलेला जोएल एम्बीड त्यानंतर कोर्टवर उतरला. २०२३मध्ये एमव्हीपीही झाला. टायटल मात्र तेव्हाही हुकलंच.

ऑफिसात ‘रीस्ट्रक्चरिंग’चा मेल आला, की हे आठवा. प्लॅन वरच्यांचा असतो. रोज जिंकायला उतरून हरतात ते खालचे!