पुंगळी किती दाबावी?

अमेरिकेत अनेक नेमबाज रायफलीच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरतात. हे पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त. बार उडताना पुंगळी फुगते. मग साच्यात दाबून तिला मापात आणतात. फक्त मान दाबावी, की सबंध पुंगळी? सबंध दाबलेली त्या मापाच्या कोणत्याही रायफलीत बसते. मान दाबलेली बहुधा आधीच्याच रायफलीत. पण थंड धातू जितका दाबावा, तितके त्याच्या स्फटिकांतले दोष वाढून एकमेकांत अडकतात. पितळ कठीण होते, शेवटी तडकते.

तांब्याच्या तारेवर आपण हे वर्गात पाहू शकतो. मागेपुढे वाकवली की ती ताठरते, मग तुटते. तापवली की मऊ पडते. पुंगळीची मानही तापवून मऊ करतात. बूड मात्र कधीच नाही, कारण बाराचा दाब पेलायला ते कठीणच हवे.